जिल्हा गेला, गाव राहिले

चंद्रपूर-गडचिरोलीकडील आपल्या व्यापारी कुटुंबांना सिरोंचा हे नाव ठाऊक असते ते बहुधा तीन कारणांनी : मिरची, तेंदूपत्ता आणि अंतर. गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटर. आलापल्ली सोडली की पुढचे जवळजवळ शंभर किलोमीटर जंगलातून जायचे, आणि रस्ता संपतो तेथे प्राणहिता नदीच्या काठी हे गाव. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगला तर अगदी खालच्या उजव्या टोकाला जे शेपूट लोंबते, ते सिरोंचा तालुक्याचे. पलीकडे तेलंगणा, पूर्वेला छत्तीसगड.

हे गाव एकेकाळी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, १८६०च्या सुमारास, इंग्रजांनी ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा निर्माण केला आणि त्याचे मुख्यालय सिरोंच्याला ठेवले. हा जिल्हा उणीपुरी चौदा वर्षे टिकला. तो का निर्माण झाला आणि का मोडला, याचे उत्तर व्यापारात आहे. म्हणूनच हा विषय आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

१९९२ साली माझी बदली सिरोंच्याच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून झाली, तेव्हा मलाही यातले काही माहीत नव्हते. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या माणसाला ताळेबंद वाचता येतो, गाव वाचता येतेच असे नाही. मात्र पहिल्या महिन्यातच एक गोष्ट खटकली. गाव लहान, बाजारपेठ एका फेरीत संपणारी. पण नदीकाठच्या उंचवट्यावर इंग्रजी अमदानीतील प्रशस्त बंगला, जाड भिंतींच्या जुन्या कचेऱ्या. अंगापेक्षा अंगरखा मोठा, असे काहीसे. एखाद्या किरकोळ दुकानात घाऊक पेढीचा तराजू टांगलेला दिसावा, तसे मला ते वाटले. कोणत्या मालासाठी आणला असेल हा तराजू?

बंगल्याशी जोडले जाणारे नाव ग्लासफर्ड या अधिकाऱ्याचे. कॅप्टन ग्लासफर्ड हे या जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर. बस्तर संस्थानाविषयी त्यांनी १८६२ साली लिहिलेला अहवाल अभ्यासक अजून चाळतात. त्या काळी बस्तरवर देखरेख ठेवणारा अधिकारी जगदलपुरात नव्हे, सिरोंच्यात बसे. इतकेच काय, रामभक्तांचे भद्राचलम हेदेखील याच जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. भद्राचलमच्या शेतकऱ्याचा महसुलाचा अर्ज सिरोंच्याला यायचा आणि तेथून वर नागपूरच्या चीफ कमिशनरकडे जायचा, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

आता भूगोल थोडा नीट पाहायला हवा, कारण सारे प्रकरण त्यावर उभे आहे. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता होते. ती दक्षिणेकडे वाहत येऊन सिरोंच्याच्या किंचित खाली गोदावरीला मिळते. संगमाच्या समोरच्या तीरावर काळेश्वर, जेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. तेथून काही अंतरावर, सोमनूरजवळ, बस्तरातून येणारी इंद्रावती गोदावरीत शिरते. म्हणजे वऱ्हाड, नागपूर, भंडारा आणि बस्तर या साऱ्या मुलखाचे पाणी या एका तालुक्याच्या उंबऱ्यावरून समुद्राकडे जाते. पाणी जाते तर माल का जाऊ नये, असा विचार एखाद्या इंजिनिअराच्या मनात आला तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

तो विचार करणारे होते सर आर्थर कॉटन. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर त्यांनी बांधलेला बंधारा १८५२ साली पूर्ण झाला होता आणि दुष्काळी डेल्ट्याचे सोने झाले होते. आंध्रात आजही त्यांना ऋषितुल्य मानतात. कॉटन यांचे मत असे, की रेल्वेपेक्षा जलमार्ग कितीतरी स्वस्त. मग त्यांचे सहकारी कॅप्टन हेग यांनी समुद्रापासून वर वर्धा नदीपर्यंतच्या पात्राची पाहणी केली आणि १८५६ साली अहवाल दिला. नदी चांगली आहे, परंतु तीन ठिकाणी खडकांच्या रांगा आडव्या येतात : पहिला अडसर भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ, अहेरीच्या अंगाला. या तिन्ही ठिकाणी बंधारे बांधावेत, कडेने कालवे काढावेत, कालव्यांना पाणी चढ-उतार करणारे दरवाजे बसवावेत, म्हणजे बंदरावरून निघालेली नाव थेट कापसाच्या मुलखात पोहोचेल.

माल कोणता, हे आपल्याला सांगायला नकोच. खाली जाताना कापूस, वर येताना मीठ. हिंगणघाटचा कापूस त्या काळी नावाजलेला. तो पूर्वी बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून गंगेतून कलकत्त्याला. वाटेत पाऊस, चोर, जकाती, बैलांची मर. व्यापाऱ्याच्या हाती काय उरत असेल याची कल्पना करावी. नदीतून गेला असता तर तोच कापूस प्रवाहाबरोबर, जवळजवळ फुकट, कोकनाडा बंदराला उतरला असता.

या योजनेसाठी नदीचा काठ हाती असणे आवश्यक होते आणि डावा काठ होता निजामाचा. २६ डिसेंबर १८६० रोजी इंग्रज आणि निजाम यांच्यात तह झाला. त्यात निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या तीरावरील आपला मुलूख इंग्रजांना दिला. बदल्यात इंग्रजांनी नळदुर्ग-धाराशिवचा भाग व रायचूरचा दोआब परत केला, शिवाय पन्नास लाखांचे जुने कर्ज सोडून दिले. तहात आणखी एक कलम आहे, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते : गोदावरीतून होणाऱ्या वाहतुकीवर कोणतीही जकात आकारली जाणार नाही. बँकेत कित्येक करारनामे माझ्या हाताखालून गेले. कराराचा खरा हेतू पहिल्या पानावर क्वचित असतो, तो कुठल्यातरी मधल्या कलमात सापडतो. या तहाचा हेतू त्या जकातीच्या कलमात आहे. धाराशिव देऊन सिरोंच्याचा काठ घेणारा माणूस जंगलाच्या प्रेमात पडला नव्हता, त्याला कापूस दिसत होता.

अर्थात हा काठ निर्मनुष्य नव्हता. गोंड, माडिया आणि तेलुगू शेतकरी, कोळी यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती, अहेरीची जमीनदारी होती. तहाच्या केवळ अडीच वर्षे आधी, एप्रिल १८५८ मध्ये, बाबुराव शेडमाके यांच्या माणसांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला केला आणि गार्टलंड व हॉल या दोन इंग्रज कर्मचाऱ्यांना ठार केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. तारेचे खांब, मग बंधारे, मग कचेरी, हा सगळा क्रम त्यांनी आधीच ओळखला होता की काय असे वाटते. आपल्या चंद्रपुरात त्या पिंपळाखाली दरवर्षी अभिवादन होते, पण त्या हल्ल्याची जागा सिरोंच्याच्या वाटेवर आहे हे कमी जणांच्या ध्यानात येते.

तर असा हा जिल्हा स्थापन झाला. पाठोपाठ १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत जे घडले ते आपल्या समाजाला चांगले माहीत आहे. आपलेच प्रेमचंद रायचंद त्या तेजीचे राजे होते. राजाबाई टॉवर त्याच काळातील त्यांच्या देणगीची खूण. युद्ध संपले १८६५ साली. भाव कोसळले, बॅक बेच्या भरावाचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले, जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. मुंबईतल्या या पडझडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच तेजीच्या भरात गोदावरीच्या जंगलात जो पैसा ओतला गेला, त्याच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

दुम्मागुडेमचा बंधारा उभा राहिला. इंचमपल्लीचे काम सुरू झाले. पण जंगलात मजूर मिळेनात, मिळाले ते तापाने टिकेनात. नदीला पाणी असते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने. उन्हाळ्यात प्राणहितेच्या पात्रात वाळूच वाळू. आणि इकडे फेब्रुवारी १८६७ मध्ये मुंबईहून निघालेले रेल्वेचे रूळ नागपूरला पोहोचले. पुढे १८७०च्या दशकात वर्धेहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा गेला. ज्या कापसासाठी नदी साफ करायची, तो कापूस गाडीत बसून मुंबईला निघून गेला. बारमाही चालणारी गाडी आणि सहामाही चालणारी नाव यांत व्यापारी काय निवडणार? १८७१ साली सरकारने जलमार्गाचे काम थांबवले. तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला. भद्राचलम व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले, उरलेला भाग चांदा जिल्ह्याची तहसील झाला.

कॉटन यांचे गणित चुकले असे म्हणणे सोपे आहे, मी तसे म्हणणार नाही. दर मैलाचा खर्च त्यांनी बरोबर मांडला होता. माझ्या मते त्यांनी वेळेचे मोल धरले नाही. आपल्या बाजारातील कोणीही आडत्या सांगेल की माल स्वस्तात पोहोचण्यापेक्षा तेजी आहे तोवर पोहोचणे महत्त्वाचे.

जिल्हा गेल्यावर सिरोंच्याचे काय झाले, हे मला कागदांतून नव्हे तर एका दुकानदाराकडून कळले. तेलुगू भाषक वैश्य कुटुंब, किराणा आणि मिरचीचा धंदा. शेठजी त्या वेळी सत्तरीच्या घरातले. आमच्या शाखेत चालू खाते होते, पण खरा विश्वास स्वतःच्या रोजमेळावर. खाते लिहायचे तेलुगूत, माझ्याशी बोलायचे मराठीत, ट्रकवाल्याशी हिंदीत. त्यांच्या घरात सांगितले जाई की पूर्वज समुद्रकाठाकडून मिठाच्या व्यापाराने वर आले. एकदा मी मोठ्या उत्साहाने जलमार्गाची, जिल्ह्याची, तहाची सारी कथा त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“बरोबर आहे, साहेब,” ते म्हणाले. “कलेक्टर आला, गेला. पण आमचं दुकान तर होतंच की.”

मग त्यांनी मला जो सिरोंचा दाखवला, तो कुठल्या अहवालात सापडला नसता. जिल्हा मोडल्याने गावाची चूल विझली नाही. जंगलातला साग नदीतून तराफे करून खाली जात राहिला. आलापल्लीचा साग किती नावाजलेला आहे हे आपल्या लाकूड व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मोहफुले, डिंक, लाख, मग तेंदूपत्ता. मेथडिस्ट मिशनची शाळा व दवाखाना आला. वली हैदरशहांच्या दर्ग्याचा उरूस भरत राहिला. बारा वर्षांनी गुरू मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर, तेव्हा गावाच्या कितीतरी पट माणूस घाटावर. लग्नसंबंध नदीपलीकडे चेन्नूर, मंथनीकडे. नदी ही सरकारी नकाशावर सीमा असेल, लोकांच्या व्यवहारात ती रस्ताच होती. आंध्रातले तांदूळ इकडे, इकडची मिरची तिकडे, लहान नावेतून, कोणताही तह न करता.

जेवणाविषयी एक वाक्य लिहू द्यावे. चौविहाराचा नियम सांभाळून त्या गावी राहणे सोपे नव्हते. पण घरमालकीण अम्मांनी तीन वर्षे सूर्यास्तापूर्वी माझे ताट वाढले. वरण-भात, चिंचेचे सार, अंबाडीची भाजी. कांदा-लसूण का चालत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही, आणि नियम त्यांनी एक दिवसही मोडू दिला नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आसपास हिंडत असे. गावाच्या उत्तरेला प्राणहितेकाठी कोटा नावाचे खेडे आहे. तेथील चुनखडकात सापडलेल्या माशांच्या जीवाश्मांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी केला. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे तेच हे हिस्लॉप. त्या थरांना भूशास्त्रज्ञ आजही ‘कोटा’ याच नावाने ओळखतात. पोचमपल्ली परिसरात याच थरांतून १९५८ ते १९६१ या काळात एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडे निघाली. त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ : मोठ्या पायाचा म्हणून ‘बडा पा’ आणि उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीत झाले म्हणून टागोर. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे आणि १९७५ साली त्याचे नामकरण करणाऱ्या शास्त्रज्ञांत पहिले नाव एस. एल. जैन यांचे आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथेही दगड झालेली झाडे व हाडे मिळतात. व्यापार-तहांची सव्वाशे वर्षे आणि या हाडांची कोट्यवधी वर्षे एकाच दिवशी पाहिली की संध्याकाळी शाखेची थकबाकी थोडी हलकी वाटे.

थकबाकीचा विषय निघालाच आहे तर मुख्य गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि साऱ्या बँकिंग क्षेत्राचे वारे फिरले. अनुत्पादक कर्जे, भांडवल पर्याप्तता, नफाक्षमता हे शब्द परिपत्रकांतून रोज येऊ लागले. ते आवश्यकही होते. त्या शिस्तीचा मी टीकाकार नाही. त्या ओघात विभागीय कार्यालयाने तोट्यातील ग्रामीण शाखांची यादी केली. सिरोंचा त्यात असणे स्वाभाविक होते. प्रत्येक व्यवस्थापकाने लिहून द्यायचे होते : शाखा स्वयंपूर्ण होण्याची शक्यता आहे काय, नसल्यास जवळच्या शाखेत विलीन करता येईल काय?

जवळची म्हणजे आलापल्ली-अहेरीकडची, आणि तिकडे जायचे तर शंभर किलोमीटरची वाट.

त्या टिपणासाठी मी तीन आठवडे घेतले. आधी सरळ आकडे मांडले. ठेवी कमी, कर्जे पिकांवर, वसुली पावसावर, रोकड आणण्याचा खर्च व जोखीम जास्त. नक्षलवादी चळवळीमुळे रोकड आणणे म्हणजे पोलीस बंदोबस्त, आणि बंदोबस्त नसेल त्या दिवशी शाखेत पैसा नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर उत्तर स्पष्ट होते.

पण वर्षाच्या सरासरीत एक गोष्ट लपत होती. मे महिना आला की तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे चारला घरातली सगळी माणसे जंगलात, दुपारपर्यंत पाने घरी, संध्याकाळपर्यंत सत्तर पानांचा एक असे पुडे बांधून फळीवर. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. दोन-तीन आठवड्यांत वर्षाची रोख कमाई हाती येते. एरवी ज्या माडिया कुटुंबाकडे वर्षभर नोट दिसत नाही, त्याच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसा असतो. तो पैसा बँकेत आला तर खते, बियाणे आणि शाळेच्या फीपर्यंत टिकतो. बँक शंभर किलोमीटरवर गेली तर तो कोठे जाईल हे मी बाजारात बघत होतो. मिरची उत्पादकांना पेरणीच्या आधी उचल देऊन पीक आधीच स्वस्तात बांधून घेणारे लोक होते. त्यांत आपल्यासारखे व्यापारीही होते, हे लिहिण्यात मला संकोच नाही. त्या उचलीचा वर्षाचा खरा व्याजदर मी काढला आणि आमच्या पीक कर्जाच्या दराशेजारी मांडला. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर अधिक लिहावे लागले नाही.

आणि टिपणाच्या शेवटी, नियमात बसत नसतानाही, मी १८७४चा परिच्छेद जोडला. सिरोंच्यात कचेरी आली ती हिंगणघाटच्या कापसासाठी आणि गेली तीही हिंगणघाटच्या कापसासाठी. सिरोंच्याला काय हवे आहे हे दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. या गावाचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या वहीत मांडला गेला आहे. बँकेने तसे करू नये, असे मी लिहिले. आमच्या अधिकाऱ्यांनी त्या परिच्छेदाभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ काढून समासात लिहिले : ‘हा इतिहास येथे कशाला?’ प्रश्न रास्त होता.

शाखा राहिली. माझ्या टिपणामुळे राहिली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अशा निर्णयात पुष्कळ गोष्टी असतात. १९९५ साली माझी बदली झाली. निरोपाला शेठजींनी मिरचीची एक लहान पिशवी दिली आणि “घरच्यांना सांगा, जपून,” असे बजावले. आमच्या सौभाग्यवतींनी ते ऐकले नाही आणि दोन दिवस सारे घर शिंकत होते.

या नदीचा मोह सरकारांना नंतरही सुटला नाही. ज्या इंचमपल्लीला हेग यांचा दुसरा अडसर होता, तेथेच मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली. इंद्रावतीवर भोपालपट्टणम, गोदावरीवर इंचमपल्ली. त्यात बुडणार होते ते हजारो हेक्टर जंगल आणि आदिवासी गावे. १९८०च्या दशकात बाबा आमटे आणि येथील आदिवासी समाजाने विरोध केला आणि ती धरणे बारगळली. मी रुजू झालो तेव्हा गावात त्या आंदोलनाच्या आठवणी ताज्या होत्या.

तिसरी योजना मात्र झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात करार झाला आणि सिरोंच्यापासून सुमारे वीस किलोमीटर खाली मेडीगड्डा येथे ८५ दरवाज्यांचे बॅरेज उभे राहिले. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पाणी उचलून जायचे तेलंगणातल्या शेतांना. तेलंगणाच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? पण पाणी अडते तेथे ते पसरतेही. सिरोंचा तालुक्यातील नदीकाठची शेते पाण्याखाली जाऊ लागली. जुलै २०२२च्या पुरात कित्येक गावे वेढली गेली. शेतकरी मोबदल्यासाठी उपोषणाला बसले. एकोणिसाव्या शतकात कापूस हिंगणघाटचा आणि बंदर कोकनाड्याचे, आता पाणी दुसऱ्या राज्याचे. दोन्ही वेळा काठ सिरोंच्याचा.

एप्रिल २०२२ मध्ये पुष्करानिमित्त आम्ही उभयता तिकडे गेलो. गोदावरी आणि प्राणहितेवर आता पूल झाले आहेत. पूर्वी नावेत मोटारसायकल आडवी घालून जे पार करावे लागे, ते पाच मिनिटांत होते. मोबाईलवर पैसे घेणारा मिरचीवाला पाहून मला मनापासून बरे वाटले. शाखेसमोर पैसे काढण्याच्या यंत्राला रांग होती. रेल्वे मात्र तालुक्यात आजही नाही. जुन्या बंगल्याच्या आवारात आम्ही थोडा वेळ बसलो. खाली नदीपात्र, समोर काळेश्वर, घाटावर माणसांचा पूर. सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्या माणसांसाठी तरी याला जिल्हा करायला हवा.” तशी मागणी आज होतेही आहे, अहेरी की सिरोंचा यावर वादही आहेत. माझे मत विचाराल तर मुख्यालय कोठेही असो, उपचारासाठी दीडशे-दोनशे किलोमीटर जावे लागू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.

शेठजी आता नाहीत. दुकान नातू चालवतो. किराण्याबरोबर खते, मोबाईलचे रिचार्ज, आणि मिरचीचा धंदा आहेच. त्यांची थोडी शेती नदीकाठी होती, तिचा काही भाग बॅरेजच्या पाण्यात गेला. मोबदल्याची फाइल कोणत्या कचेरीत आहे हे विचारायला त्याने मला एकदा फोन केला. सातबारा, पंचनामा, मोजणीचा नकाशा, कोणता कागद कोणत्या क्रमाने लावायचा ते मी फोनवर सांगितले आणि त्याने लिहून घेतले.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडीगड्ड्याच्या बॅरेजचे काही खांब खचले. दरवाजे उघडून पाणी सोडून द्यावे लागले. त्या हिवाळ्यात नातवाचा पुन्हा फोन आला. मोबदल्याचा निर्णय अजून व्हायचा होता, पण पाणी उतरले होते आणि त्यांच्या बुडालेल्या तुकड्यावर गाळ बसला होता. त्या गाळात पाणी परत चढण्याआधी मिरची लावून घ्यावी काय, असे तो विचारत होता. मी म्हटले, शेतीतले मला काय कळते, घरात कोणी वडीलधारे असतील त्यांना विचार. तो हसला. “लावून झाली, साहेब,” म्हणाला, “तुम्हाला नुसतं सांगतोय.”